राणीची धुरकट काच

गावातल्या माणसानं गावातला राजवाडा बघितलेला नसतो, आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही. लांबलांबून माणसं येतात, उन्हात रांगा लावतात, मान मोडेस्तोवर छताकडे बघतात. आणि ज्यांच्या गच्चीवरून राजवाड्याचे मनोरे दिसतात ती मंडळी 'बघू की सवडीनं, तो काय पळून चाललाय?' असं म्हणत म्हातारी होतात. काजवाल्या बाई त्यातल्याच, असं सगळे धरून चालले होते.

नवल इतकंच, की बाईंचा नवरा त्याच राजवाड्यात गाईड होता. दुकानातल्या बायका त्यांना छळायच्या, "बाई, तुम्हाला तर कुणी दारात अडवणारही नाही, आणि तुम्ही अजून आत गेला नाहीत?" बाई दातात दोरा धरून नुसती मान हलवायच्या. दातात दोरा असला की उत्तर द्यावं लागत नाही, हा बाईंचा जुना शोध होता.

दुकान कपडे दुरुस्तीचं. चार मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, कापडाच्या कातरणांनी भरलेलं एक पोतं, आणि खिडकीपाशी बाईंची खुर्ची, कारण काज करायला उजेड लागतो. पँट आखूड करा, चेन बदला, उसवलेली शिवण धरा, ही कामं कुणीही करायचं. कोटाचं काज मात्र बाईंकडे. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं, आणि बाईंनाही ते नाव आवडत असावं, कारण कधी तक्रार केली नाही.

नवऱ्याचं नाव राजवाड्यात पडलं होतं 'रेडिओ'. सकाळी फाटक उघडलं की सुरू, संध्याकाळी फाटक लागलं की बंद. मधे पाणी प्यायला थांबेल तेवढाच. घरी मात्र या रेडिओतले सेल काढून ठेवलेले असायचे. "आज गर्दी होती." "पेपर कुठाय?" "दार लाव." झाला कार्यक्रम. बाईही फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन खोल्यांच्या त्या घरात शब्द जपून वापरले जात, आणि एका माणसाबद्दल तर चकार शब्द निघत नसे.

ते माणूस म्हणजे त्यांची मुलगी.

सहा वर्षांची होती. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण बाबांची शेवटची बॅच कळायची. दिवस कलला की खिडकीत बसून, काचेला नाक चिकटवून विचारायची, "आई, बाबांची शेवटची बॅच झाली का?" झाली म्हटलं की जिन्याकडे कान. तिला ताप आला, दवाखान्यात नेली, आणि दोन दिवसांत गेली. बाबा तेव्हा शेवटची बॅच घेऊन राजवाड्यात वरच्या मजल्यावर होते. खिशात फोन असण्याचे ते दिवस नव्हते. निरोप तिकीटखिडकीवर आला, आणि तिकीटवाल्यानं तो गाईड खाली उतरल्यावर दिला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. यात चूक कुणाचीच नव्हती, आणि चूक कुणाचीच नसली की मेलं भांडताही येत नाही.

पुढे एका रविवारी, दोऱ्याची गुंतवळ सोडवता सोडवता, बाई नवऱ्याजवळ बोलल्या. साठलं होतं ते सगळं बोलल्या. एकच गोष्ट सोडून. ती एक जिभेवर आली आणि परत गेली. मग म्हणाल्या, "आता या घरात तिचा विषय नको. मला सोसत नाही." नवऱ्यानं मान डोलावली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं दोघांनी तो शब्द पाळला. वरच्या मजल्यावरची पोर गाणं म्हणत जिना चढायची, तेव्हा दोघं आपापल्या ताटात बघत जेवायचे.

तेव्हा बाई राजवाड्यात का जात नव्हत्या, ते निराळं सांगायला नको. ज्या जिन्यावरून नवरा उशिरा उतरला, तो जिना त्यांना बघायचा नव्हता. कुणी फारच छळलं तर गुडघे दुखतात म्हणायच्या; ते बिचारे उगीच बदनाम झाले.

यंदा दुकानाला बरीच वर्षं पुरी झाली म्हणून मालकीणबाईंनी सहल काढली. कुणी समुद्र म्हणालं, कुणी डोंगर. मालकीणबाई म्हणाल्या, "आधी स्वतःचं गाव तरी बघा! पाहुणे विचारतात तेव्हा आपण बावळटासारखे उभे." ठरलं. घड्याळाचा मनोरा, जुना बाजार, नदीवरचा दगडी पूल आणि शेवटी राजवाडा. बाईंनी लगेच गुडघ्यांचं नाव काढलं.

"काल टेबलाखाली रांगत सुई शोधत होतात, तेव्हा गुडघे कुठे गेले होते?" चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे बाईंच्या शेजारच्या मशिनवरची; देहानं दोन माणसांची भर, आवाज मात्र चिवचिवाट. "मला ती काचेची गोष्ट ऐकायचीय. माझी नणंद ऐकून आली आणि दोन दिवस रडत होती."

"कसली काच?" बाईंनी विचारलं.

"घ्या! नवरा सांगतो आणि हिला ठाऊक नाही!" सगळं दुकान हसलं. बाईही हसल्या. खरंच ठाऊक नव्हती.

सहलीच्या दिवशी मनोरा झाला, बाजार झाला, पुलावर फोटो झाले. राजवाड्याच्या फाटकाशी बाईंना वाटलं, गाईड तर पुष्कळ आहेत, दुसरा कुणी येईल. पण मालकीणबाईंनी मुद्दाम रेडिओलाच सांगून ठेवलं होतं. तो आला. घोळक्यात बायको दिसली तसा क्षणभर थबकला, मग गळ्यातलं ओळखपत्र सारखं करून म्हणाला, "या मंडळी, चपला सांभाळा, डोकी सांभाळा, दारं बुटकी आहेत. राजाला सगळ्यांनी वाकून यावं असं वाटायचं, आणि सुताराला लाकूड वाचवायचं होतं."

बायका खदखदून हसल्या. बाई बघतच राहिल्या. हा माणूस आपल्या घरी राहतो? हातवारे काय करत होता, भुवया काय उडवत होता! दरबाराच्या दालनात तो म्हणाला, "महाराजांना शंभर नोकर, पण चष्मा शोधायला शंभरही पुरायचे नाहीत. शेवटी तो कुठे सापडायचा? आपल्या घरी सापडतो तिथेच. कपाळावर!" बाई हसल्या, तोंडावर हात न ठेवता हसल्या. मनात थोडा अभिमानही आला, आणि थोडा रागही, की हा सगळा मजकूर बाहेरच्यांना, आणि आपल्याला 'दार लाव.' त्या दिवसातलं बाईंचं हसणं तिथं संपलं.

मग तो जिना. दगडी, गोल, अरुंद. बाई भिंतीला हात लावून चढल्या. वर लांबलचक दालन होतं, एका बाजूला ओळीनं खिडक्या, आणि खिडक्यांना तळहाताएवढ्या रंगीत काचा. लाल, निळ्या, पिवळ्या. उन्हामुळे फरशीवर रंग सांडले होते. शेवटच्या खिडकीपाशी रेडिओ थांबला आणि त्यानं आवाज खाली आणला.

"मंडळी, आता जरा हळू. एवढ्या काचा तुम्हाला झळझळीत दिसतायत. ही एकच बघा. धुरकट. का?"

सगळ्या पुढे सरकल्या.

"इथल्या राणीला एकच मुलगी होती. राजा मोहिमेवर. पोर रोज दिवस कलताना इथं बसायची, या काचेला नाक लावून, बाबांची वाट बघत."

बाईंना आपल्या घरची खिडकी आठवली. पण पोरं काचेला नाक लावतातच, त्यात काय, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"राजकन्या मोठी हट्टी. दासी हात जोडून उभ्या, पण आपली बटणं आपणच लावायची. आणि रोज चुकायची! एक काज वर रिकामं, एक बटण खाली उरलेलं. राणी रोज हसत हसत ती सरळ करायची. मग गावात साथ आली, मंडळी. दोन दिवसांत पोर गेली. तिला न्यायला माणसं आली, तेव्हा अंगात तोच झगा, बटणं तशीच वाकडी. दासी सरळ करायला पुढे झाल्या. राणीनं त्यांचा हात धरला. म्हणाली, 'राहू दे. तिनं स्वतः लावलीत. मी कशाला हात लावू?'"

चिमणीनं हुंदका दिला.

बाईंनी खिडकीची चौकट धरली. हे वाक्य. हे वाक्य त्यांनी दवाखान्यात कुणाला म्हटलं नव्हतं, बहिणीला सांगितलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. एका रविवारी एका माणसाला सांगितलं होतं, दोऱ्याची गुंतवळ मांडीवर घेऊन.

"पोर गेल्यावर राणीनं हुकूम काढला," रेडिओ सांगत होता, "सगळ्या काचा पुसा, ही पुसायची नाही. हिच्यावर माझ्या लेकीच्या नाकाचा ठसा आहे. आणि रात्र झाली की या दालनातून फिरायची आणि विचारायची," इथं तो थांबला. कुठं थांबायचं ते त्याला अचूक माहीत होतं. "विचारायची, 'हा महाल एवढा मोठा कधी झाला?'"

घर. बाई 'घर' म्हणाल्या होत्या. दार उघडलं की कॉटला आपटायचं, एवढं ते घर. त्या घराला उद्देशून त्या म्हणाल्या होत्या, हे एवढं मोठं कधी झालं. आणि नाकाच्या ठशाची घरची काच त्यांनीही पुसली नव्हती; घरमालकानं रंगकाम काढलं तेव्हा रंगाऱ्यानं ती चांगली साबणाच्या पाण्यानं पुसून दिली, वर म्हणाला, "ताई, काच फार घाण झाली होती."

रेडिओनं पाण्याचा घोट घेतला. "फोटो काढायचे तर काढा. घाई नाही."

आणि लोक फोटो काढू लागले. मागून दुसरी बॅच आली होती, तीही त्यात मिसळली. एका बापानं पोराला उचलून काचेशी धरलं, "नाक लाव. नीट लाव. आता हस!" पोरगं हसलं. दोन मुली आळीपाळीनं नाक टेकवून ओठांचा चंबू करत होत्या. कुणीतरी परकी बाई जवळ येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो ताई, एवढं मनाला नका लावून घेऊ. गोष्ट आहे ती. असं खरं थोडंच असतं?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग चौकट सोडून त्या चालू लागल्या.

बाहेर पडायच्या वाटेवर वस्तूंचं दुकान होतं. टोप्या, पंखे, किल्ल्या अडकवायच्या साखळ्या. आणि एका फळीवर लाकडी चौकटीत बसवलेले धुरकट काचेचे तुकडे, प्रत्येकावर बरोबर मधोमध एक बारका गोल डाग. डाग कारखान्यातच पाडलेला असणार. चिमणी डोळे पुसत आली आणि त्यातली एक चौकट तिनं बाईंच्या हातात कोंबली. "तुमच्यासाठीपण घेतली. मिस्टरांचीच तर गोष्ट!"

ती हातात धरून बाई घरी आल्या. टाकूनही देता येईना. टाकणार कशी? कुणाच्या का असेना, नाकाचा ठसा होता तो.

रेडिओ संध्याकाळी आला. पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, आणि टॉवेलनं तोंड पुसता पुसता, नव्या नवरदेवासारखा लाजत त्यानं विचारलं, "कसं वाटलं?"

आता काय म्हणावं या माणसाला! शाबासकी हवी होती. इतक्या वर्षांनी बायकोनं आपलं काम बघितलं, त्याचा आनंद तोंडावरून ओसंडत होता.

बाईंनी ती चौकट टेबलावर ठेवली. "ही राणी कोण?"

"अगं कोण म्हणजे? इथल्या घराण्यातली."

"तिला मुलगी होती?"

"असेल की."

"असेल?"

तो थोडा चपापला, मग धंद्यातलं गुपित सांगावं तसा हसला. "खरं सांगू? आधी काहीच नव्हतं. काच कधीतरी चेंडूनं फुटली, तशी रंगीत मिळेना, म्हणून साधी धुरकटच बसवली. लोक विचारायचे, ही एकच अशी का? चेंडू म्हटलं की त्यांची तोंडं पडायची. एवढ्या लांबून काय चेंडू बघायला येतात? मग एका म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, इथं बसून कुणीतरी वाट बघत असेल. मी म्हटलं, हो, राणीची मुलगी. झालं. रोज सांगता सांगता वाढत जातं गं. लोक कुठे गप्प होतात ते दिसतं, तिथं आणखी थोडं पदरचं घालायचं. आता तर सगळेच गाईड सांगतात."

"बटणं कुठून आली?"

"बटणं..." तो म्हणाला. "ती आपली..."

बाई त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या. नवरा खोटं बोलला तर बायकोला कळल्यावाचून राहत नाही. बाई ते खोटं शोधत होत्या, ते सापडलं असतं तर बरं झालं असतं. ते तिथं नव्हतंच. त्याला खरोखर माहीत नव्हतं. बाईंनी दुपारपासून मनात चोर धरून ठेवला होता, आणि चोराला चोरी केल्याचा पत्ताच नव्हता.

मग हळूहळू त्याच्या हातातला टॉवेल खाली गेला. तोंडाचा रंग उतरला. तो स्टुलावर बसला.

"अगं... ते तू म्हणाली होतीस."

"हो."

"त्या रविवारी."

"हो."

"आणि घर मोठं झालं, तेही..." त्यानं ती चौकट उचलली आणि विस्तवाला हात लागल्यासारखी परत ठेवली. "मला वाटत होतं, मी हे कुठेतरी वाचलंय."

बाईंना रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि रागालाही धड धरायला जागा मिळत नव्हती. अखेर त्या म्हणाल्या, "माझी पोर तुम्ही तमाशाला उभी केलीत. लोक तिच्या नाकावर नाक लावून दात काढतात."

"तू म्हणालीस, घरात तिचा विषय नको," तो म्हणाला. आवाज राजवाड्यातला नव्हता, घरचाही नव्हता, तिसराच होता. "मी कधी काढला? सांग, एकदा तरी काढला? पण ती माझीही होती ना गं. कुठेतरी तोंडातून निघणारच."

माणसाकडे उत्तर नसलं की तो हुकूम सोडतो. "उद्यापासून बंद," बाई म्हणाल्या.

"बंद," तो म्हणाला.

पुढचे काही दिवस वाईट गेले. आधीही दोघं गप्पच असायचे, पण त्या गप्प बसण्याची सवय होती; हे नवं गप्प बसणं पायात येत होतं. दुकानात बाईंनी एका चांगल्या काळ्या कोटाला काज पाडताना कात्री सूतभर पुढे नेली. उसवलेलं शिवता येतं, कापलेलं काज मागे घेता येत नाही. मालकीणबाई नुसत्या बघत राहिल्या, कारण असं कधी झालंच नव्हतं. आणि चिमणीनं बातमी आणली, "बाई, तुमच्या मिस्टरांनी ती गोष्ट सोडली म्हणे! माझ्या नणंदेची जाऊ मुद्दाम गेली आणि कोरडीच परत आली. त्यांनी बाकीच्या गाईडांनाही हातापाया पडून बंद करायला लावली. का हो?"

बाईंनी दातात दोरा धरला.

पण मनात किडा वळवळू लागला. खरंच बंद केली, की आपल्यापुरती बंद केली? स्वतःच्या कानांनी ऐकावं. एका दुपारी त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाल्या, सगळ्यांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या आणि शेवटच्या बॅचच्या मागच्या टोकाला चिकटल्या. रेडिओ पुढे होता. आज बुटक्या दारांचा विनोद झाला, चष्म्याचाही झाला, लोक हसलेही; पण सांगणाऱ्याचं लक्ष नव्हतं, हे बाईंना पाठीमागून कळलं. जिना चढताना त्यांनी भिंतीला हात लावला नाही.

रंग सांडलेल्या फरशीवरून बॅच शेवटच्या खिडकीशी आली. रेडिओ चालतच होता. "या खिडक्या. काचा बाहेरून मागवलेल्या. ही एक फुटली होती म्हणून साधी बसवली. चला, पुढे शस्त्रांचं दालन."

"अहो, एवढंच?" लहान मुलीचा हात धरलेल्या एका बाईनं विचारलं. "माझ्या बहिणीनं सांगितलं होतं, इथल्या काचेपाशी एका मुलीची गोष्ट आहे."

"नाही हो."

"नाही कसं? नाक लावून वाट बघायची, बटणं वाकडी लावायची..."

"लोक काहीही सांगतात, ताई," रेडिओ म्हणाला. तो काचेकडे बघत नव्हता. "अशी कुणी मुलगी नव्हतीच."

सहलीच्या दिवशी बाईंना बसला तो धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. त्या दिवशी निदान ती होती. परक्या राणीच्या पोटी का होईना, रोज दिवस कलताना या खिडकीत येऊन बसत होती, बटणं वाकडी लावत होती, आणि अनोळखी माणसं तिच्यासाठी डोळे पुसत होती. घरात आपण तिला बोलण्यातून पुसली. इथंही आपल्याच हुकमावरून पुसली गेली, साबणाच्या पाण्यानं पुसावी तशी. आता ती कुठेच नव्हती. आणि 'नव्हतीच' म्हणणारा तिचा बाप होता.

"होती," बाई म्हणाल्या.

आवाज एवढा मोठा निघेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. सगळी बॅच मागे वळली. रेडिओ वळला, आणि बायकोला बघून जागच्या जागी थिजला.

"होती," बाई परत म्हणाल्या. "सहा वर्षांची होती." आणि मग थांबता येईना. "राणीची... राणीची मुलगी. नाक लावून बसायची ते खरं आहे. बटणांचंही खरं आहे. वरचं काज रिकामं राहायचं, कारण ती खालून सुरुवात करायची, आणि सांगितलं तरी ऐकायची नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. ती मी... ती राणीनं कुणालाच सांगितली नाही."

लोक गोलाकार उभे राहिले, जसे रेडिओभोवती राहायचे. रेडिओही त्यांच्यातच उभा होता, ओळखपत्र हातात घट्ट धरून.

"शेवटच्या दिवशी ती डोळे उघडत नव्हती. हाक मारली तरी नाही. मग दिवस कलला, खिडकीतून ऊन आडवं आलं, आणि तिनं एकदम डोळे उघडले. चांगले टक्क उघडले. मला म्हणाली, 'आई, बाबांची शेवटची बॅच झाली का?'"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मुलीचा हात धरलेली बाई शेजारणीच्या कानाशी पुटपुटली, "राजाची कसली बॅच?" शेजारणीनं खांदे उडवले. इतका वेळ जुळत आलेली गोष्ट इथं त्यांना काही केल्या जुळेना.

रेडिओला जुळली. इतकी वर्षं दिवसातून चारदा जो या जागी बरोबर थांबायचा आणि बरोबर पुढे बोलायचा, त्याला आज पुढचं माहीत नव्हतं. त्यानं गर्दीतूनच, तिकीट काढून आलेल्या कुठल्याही माणसासारखं विचारलं, "मग? आईनं काय सांगितलं?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. आता गोष्ट त्या एकट्यालाच सांगायची होती.

"सांगितलं, झाली. निघालेत. जिन्यातच आहेत, आता येतील." त्या थांबल्या. "मग तिनं जिन्याकडे कान लावला. आणि हसली. तशीच गेली."

फोटो कुणी काढला नाही. काय झालं ते कुणाला नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं होतं एवढं सगळ्यांना कळलं. रेडिओ लोकांमधून वाट काढत आला आणि बायकोच्या शेजारी, खिडकीच्या दगडी कट्ट्यावर बसला. मग ज्या मुलीचं नाव बावीस वर्षांत त्यानं घेतलं नव्हतं, ते त्यानं घेतलं, आणि बाईंनी ते घेऊ दिलं. त्यांच्या पाठीमागे शेवटची बॅच बराच वेळ तशीच खोळंबून राहिली.